टाचांचे डाग

२०२४ साल होतं. त्या वर्षी नगरचं नाव बदललं. कचेऱ्यांच्या, दुकानांच्या, शाळांच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या निघाल्या आणि दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायला माणूस मिळेना. शेवटी छगन नावाचा एक रंगारी आला, तोही दोन पाट्यांच्या मधे रिकामा होता म्हणून. आतल्या खोलीत त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, खिळा उपसला आणि मला हाक मारली. "आजी, हितं या जरा. ह्ये डाग कशाचं हायेत?" मी हात पुसत आले. भिंतीवर माझ्या डोळ्यांच्या उंचीला दोन तपकिरी डाग होते. लांबट गोल, शेजारी शेजारी. त्यांच्यावर कॅलेंडर मीच टांगलं होतं, त्याच वर्षी जूनमध्ये. छगननं अंगठ्यानं एक डाग खरवडून पाहिला, अंगठा नाकाशी नेला. "त्येल हाय. तसाच रंग मारला तर परत वर येईल. कशाचं म्हनायचं?" मी म्हटलं, "टाचांचे." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डागांकडे, मग खाली फरशीकडे. "टाचा? इतक्या वर? भितीवरनं चालायचं का काय कोन?" तो हसला, आणि मलाही हसू आलं. मी म्हटलं, "थांब जरा. आधी चहा घे," आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. व्हरांड्यातून यांचा आवाज आला, "कोण हसलं गं?" हे तिथं खुर्चीत उन्हात बसले होते, गुडघ्यांवर पंचा टाकून. चहाचं पाणी उकळायला लागलं आणि मला आमच्या लग्नानंतरची पहिली सकाळ दिसायला लागली.

तेव्हा आम्ही अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, भंडारदऱ्याकडच्या एका गावात राहायचो. दोघंही तिथल्याच शाळेत मास्तर. हे हेडमास्तर, मी नव्यानं लागलेली. जमीन सारवलेली, भिंती कुडाच्या, बाहेर भातखाचरांचा वास. त्या सकाळी मी डोळे उघडले तर समोर, जिथं माणसाचं तोंड असायला हवं तिथं, दोन पांढरेफटक तळपाय. घाबरून मी उठून बसले. खाली पाहिलं तर यांचा उलटा चेहरा, लालबुंद, शांत. तो चेहरा म्हणाला, "चहा ठेवायला हरकत नाही." पुढं आयुष्यभर मी माझ्या मैत्रिणींना हेच सांगत आले, की आमच्या ह्यांची आणि माझी खरी ओळख पायाकडून झाली. शीर्षासन त्यांचं एक दिवस चुकलं नाही. बदली झाली, मुलगा झाला, आई गेली, तरी नाही. खोलीच्या मधोमध, भिंतीचा आधार न घेता. कोपरगावला हायस्कुलात हेडमास्तर झाले तेव्हा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मुलांच्या समोर करून दाखवायचे आणि खाली उतरल्यावर टोपी घालून लगेच भाषणाला उभे राहायचे. नगरला सावेडीत घर बांधून आलो, सत्तरी उलटली, मग मात्र एक दिवस त्यांनी पाय हळूच भिंतीला टेकवले. मी पाहिलं हे त्यांना कळलं. म्हणाले, "नुसता स्पर्श आहे. आधार नाही." मी म्हटलं, "मी कुठं काय म्हणाले?" तेव्हापासून ते डाग पडायला लागले. आणि त्या डागांतलं तेल माझं होतं. रोज संध्याकाळी मी काशाच्या वाटीनं त्यांच्या तळपायांना तेल चोळायची. वाटी फिरून फिरून काळा मळ निघायचा आणि हे म्हणायचे, "बघ, डोळ्यांतली उष्णता उतरली." माझ्या सासूबाईंनी मला वाटी दिली तेव्हा हेच सांगितलं होतं, पायाला वाटी घासली की डोळ्यांना थंड पडतं. शीर्षासनही डोळ्यांसाठीच. डोक्याकडे रक्त गेलं की नजर तीक्ष्ण होते असं यांच्या लहानपणच्या व्यायामशाळेतल्या गुरुजींनी सांगितलेलं. म्हणजे आम्ही दोघं, एक वरून आणि एक खालून, त्यांच्या दोन डोळ्यांची काळजी घेत होतो.

काचबिंदू आहे हे कळलं ते ताटावरून. ताटाच्या कडेची चटणी ते विसरायला लागले. मला वाटलं पथ्य आहे. मग एकदा दारात उभी राहून मी त्यांच्याशी बोलत होते आणि ते माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून उत्तर देत होते. "विजया, जरा मधे ये," ते म्हणाले. मी दोन पावलं सरकले. "हं, आता दिसलीस." हे इतकं सहज म्हणाले की त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. प्रोफेसर कॉलनीकडे अश्विनीचा डोळ्यांचा दवाखाना आहे. अश्विनी कोपरगावची, यांची विद्यार्थिनी. डॉक्टर झाली तरी यांना सर आणि मला बाई म्हणायची, आणि हे खोलीत आले की खुर्चीवरून उठायची, मग बाहेर कितीही पेशंट असोत. तिनं उजव्या डोळ्यात डोकावून पाहिलं, डाव्या डोळ्यात पाहिलं आणि उजव्याचं फारसं काही बोललीच नाही. डावा वाचवू म्हणाली. या रोगात नजर कडेनं संपत येते, एखाद्या नळीतून बघावं तसं मधलं तेवढं राहतं, आणि गेलेलं परत येत नाही. डोळ्यातलं प्रेशर आटोक्यात ठेवायचं, एवढंच माणसाच्या हातात. ड्रॉप्स सुरू झाले. दवाखान्यात प्रेशर मोजलं की दर वेळी बरोबर यायचं, तरी नजर मात्र थोडी थोडी आत येत होती. "सर, इथं तुम्ही शहाण्यासारखे वागता," अश्विनी म्हणाली, "घरी गेल्यावर तुमचा डोळा काय करतो ते मला बघायचंय."

मग २०२३ च्या जानेवारीत अश्विनीकडे एक लेन्स आली. पुण्याहून काही दिवसांसाठी आणली होती. अश्विनीनं चिमट्यात धरून आम्हाला दाखवली. माशाच्या खवल्यासारखी पातळ, आणि कडेनं केसाहून बारीक सोनेरी तारेचं कडं. ती डोळ्यात घालायची, डोळ्याभोवती एक गोल चिकटपट्टी लावायची, तिची वायर गळ्यातल्या डबीपर्यंत. एक दिवस आणि एक रात्र ती डोळ्यातच राहणार आणि प्रेशर कधी चढतं, कधी उतरतं, सगळं त्या डबीत टिपलं जाणार. हे भारावून गेले. आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. लेन्स कशी ताणली जाते, तार काय मोजते, सगळं विचारून घेतलं. "काय डोकं लावतात," म्हणाले. "बुबुळावर बसून तपासणी." अश्विनी त्यांच्या डोळ्याला पट्टी लावता लावता म्हणाली, "सर, एकच करायचं. रोजच्यासारखं राहायचं. रोज जे जे करता ते सगळं करायचं, विशेष काही नाही." हे म्हणाले, "विशेष काही नाही." व्यायामाचं तिनं विचारलं होतं, पण पूर्वी, पहिल्याच भेटीत. "योगासनं," हे म्हणाले होते. "छान," ती म्हणाली होती. पुढं तिनं खोदून विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. कोपरगावच्या त्या पंधरा ऑगस्टला तिनं यांना उलटं उभं राहिलेलं पाहिलं होतं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस अजूनही रोज तेच करत असेल हे कुणाच्या मनात येणार, आणि आपल्या हेडमास्तरांना असं कसं विचारायचं.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा कॉलनीतली पोरं सायकली टाकून यांच्याभोवती जमली. "आजोबा रोबोट झाले." हे मान ताठ ठेवून यंत्रासारखे दोन पावलं चालले आणि पोरं खिदळली. मग घरात आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. पाठ सरळ, हात मांडीवर. दुपारचे ड्रॉप्स एरवी हमखास विसरायचे, मी ओरडायची. त्या दिवशी घड्याळ बघून, साबणानं हात धुऊन घातले. जेवताना पापड नको म्हणाले, लोणचं बाजूला केलं. टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या दिल्या नाहीत. संध्याकाळी पुण्याहून धवलचा फोन आला, आमच्या मुलाचा, तेव्हा त्याच्याशी इतकं गोड बोलले की त्यानं मला वेगळा फोन करून विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना?" झोपताना दोन उशा घेतल्या. सकाळी मला जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज झाला नाही म्हणून. रोज पहाटे भिंतीला टाचा टेकल्याचा एक बारीक धप्प आवाज व्हायचा, झोपेतच मला तो कळायचा. त्या दिवशी झालाच नाही. हे कॉटवर मांडी घालून बसले होते, एक डोळा पट्टीच्या गोलातून चमकत होता. मी विचारलं, "आज नाही?" तर म्हणाले, "आज पाहुणा आहे डोळ्यात." महागाची वस्तू आहे, पडेल, तुटेल, म्हणून जपतायत, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुकच वाटलं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. अश्विनीनं डबी संगणकाला जोडली आणि पडद्यावर रेघ आली. थोडी वर, थोडी खाली, पण एकूण सरळ, वहीच्या रेघेसारखी. "सर, पहिला नंबर," ती म्हणाली. ऑपरेशन करावं का असं तिच्या मनात चाललं होतं, तो विचार तिनं सोडला. हेच ड्रॉप्स चालू ठेवू म्हणाली. बाहेर आल्यावर यांनी दोघांसाठी उसाचा रस घेतला, आणि बर्फ नको, आलं जास्त टाक, असं गाडीवाल्याला दोनदा बजावलं. तो रस पिताना त्यांच्या मिशीला फेस लागला होता, तो मला अजून दिसतो.

त्यानंतर नजर वेगानं गेली. दर दोन-चार महिन्यांनी "मधे ये" जास्त वेळा ऐकू यायला लागलं. मी मधे उभी राहायला शिकले. ताट वाढताना, भाजी दाखवताना, रस्त्यानं जाताना मी अंदाजानं त्यांच्या नळीच्या तोंडाशी यायची आणि ते "हं, दिसलीस" म्हणायचे. दिवसातून कितीतरी वेळा हा शब्द कानावर पडायचा. सबंध संसारात त्यांनी मला इतकं पाहिलं नसेल. आणि नजर जशी कमी झाली तसा त्यांनी शीर्षासनाचा वेळ वाढवला. आधी मी दूध तापवेपर्यंत उतरायचे, आता दूध तापून, चहा होऊन, तो निवायला लागला तरी पाय भिंतीलाच. सकाळी कॉलनीच्या बागेत यांचा योगवर्ग चालायचा. तिथं रंगनाथ म्हणून एक यायचे, एमआयडीसीतून निवृत्त झालेले, मूळचे पाथर्डीकडचे. त्यांना शुगर, डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. यांनी त्यांनाही शीर्षासनाला लावलं. "वैनी," रंगनाथ मला म्हणायचे, "सरांनी आमाला पार वटवाघूळ केलं बघा. पर उलटं झालं की लई बरं वाटतं. घरातल्या कटकटी डोक्यातनं खाली पडत्यात." आणखी चारपाच जण होते. यांना त्यांचा अभिमान होता.

२०२४ च्या मे महिन्यात अश्विनीनं फील्ड टेस्ट केली. त्या मशीनमध्ये हनुवटी टेकून बसायचं, आत कुठंतरी ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. कागद बाहेर आला तो जवळजवळ सगळा काळा. अश्विनी तो कागद घेऊन बराच वेळ बसली. "मला कळतच नाही," ती म्हणाली. "त्या लेन्सचा रिपोर्ट किती चांगला होता." मला तिची दया आली. यांच्यावर काही ठपका येऊ नये म्हणून मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी तर ते किती जपून होते. शीर्षासनसुद्धा केलं नाही. एरवी एक दिवस चुकत नाही त्यांचं." अश्विनीनं कागदावरून मान वर केली. "सर," ती म्हणाली, "तुम्ही अजून करता?" हे ताठ बसले. "रोज. आता तर वेळ वाढवलाय." त्या आवाजात असा अभिमान होता की मला तो आजही ऐकवत नाही. अश्विनी उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि यांच्या समोर स्टुलावर बसली, अगदी मधोमध. हळूहळू सांगायला लागली. डोकं खाली गेलं की डोळ्यातलं प्रेशर दुप्पट होतं. निरोगी माणसाचं परत उतरतं, त्याला कदाचित काही होत नाही. पण काचबिंदू असेल तर आतली नस दर वेळी थोडी दबते, थोडी मरते. ज्या दिवशी तिनं मोजलं, नेमका तोच एक दिवस यांचे पाय जमिनीवर होते. हे हातातल्या पंच्याची घडी घालत राहिले, उलगडून पुन्हा घडी. मग म्हणाले, "डोळ्यांसाठीच करत होतो मी." अश्विनी म्हणाली, "हो सर." मग त्यांनी विचारलं, "आणि रंगनाथ?"

घरी आल्यावर ते चपला न काढताच आतल्या खोलीत गेले, भिंतीजवळ उभे राहिले आणि हातानं डाग चाचपले. डाग हाताला लागत नव्हते, पण जागा बरोबर सापडली. मी विचारलं, "त्या दिवशी का नाही केलं हो? खरं सांगा. लेन्स पडेल म्हणून?" ते म्हणाले, "नाही गं. इन्स्पेक्शन होतं." आणि माझ्याकडे न बघता हसल्यासारखं केलं. "साहेब येणार म्हटल्यावर आपण काय करायचो?" मला सगळं समजलं. शाळा तपासायला साहेबांची जीप घाटातून येणार असली की शाळेचं रूप पालटायचं. आदल्या दिवशी सारवण, भिंतीला चुना, नकाशे बाहेर. आणि यांची युक्ती. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येक पोरानं हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा, आणि हे उजव्यालाच उठवायचे. मी दुसरीच्या वर्गावर होते, सगळा वर्ग हात वर करून बसलेला, शेतातली कणसं उभी राहावीत तसा, आणि साहेब म्हणाले असा वर्ग तालुक्यात पाहिला नाही. जीप गेल्यावर भीमा नावाची एक डावखुरी पोरगी यांच्या पायाशी येऊन रडायला लागली. "गुर्जी, मला येत हुतं. माजा हातच चुकला." यांनी तिला उचलून घेतलं आणि सबंध वर्गासमोर साहेबांनी विचारलेलं गणित सोडवायला लावलं. ही गोष्ट ते पुढं कोपरगावला दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे, हसून हसून. आम्ही दोघांनी पस्तीस-चाळीस वर्षं नोकरी केली, त्यात कधी कुणी आम्हाला रोजच्यासारखं असताना पाहिलंच नाही. जो बघायला येतो त्याच्यासमोर चांगलं दिसायचं, हे हाडात मुरलेलं. "ते बटणसुद्धा," हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ठिपका दिसला की दाबायचं असतं ना, ते मी ठेक्यात दाबायचो. मागच्या दोन-तीन वेळा. या वेळी ठेका चुकला." मी वाटी-तेल घेऊन आले आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले, कारण संध्याकाळ झाली होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बागेत गेले. काठी घेतली नाही, माझा हात धरला. नेहमीसारखे श्वास झाले, मग हातपाय. शीर्षासनाची वेळ आली तशा सतरंज्या चौपदरी झाल्या. हे म्हणाले, "आजपासून हे बंद." रंगनाथ म्हणाले, "का वो सर? आमचं काय चुकलं?" "तुमचं नाही, माझं चुकलं. ह्यानं डोळे सुधारतात असं मी तुम्हाला सांगितलं. माझे गेले." एका माणसानं चुळबुळ करत विचारलं, "म्हणजे आमचेही जाणार का?" हे म्हणाले, "माहीत नाही. डॉक्टरकडे जाऊन या सगळे. आजच जा." आवाज हेडमास्तरांचा होता, फक्त बोलताना तोंड लोकांच्या जरा बाजूला, गुलमोहराच्या खोडाकडे होतं. रंगनाथांनी सतरंजी झटकली, घडी करून काखेत मारली. यांच्याजवळ येऊन म्हणाले, "सर, तुमी सांगितलं म्हनून आमी उलटे झालो, आता सुलटे होतो. पर उद्या येनार न्हवं तुमी?" हे "येईन" म्हणाले. गेले नाहीत. जूनमध्ये अश्विनीनं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, राहिलेलं टिकावं म्हणून. घरी आल्यावर मी ते डाग कॅलेंडरनं झाकले.

चहा उकळून भांड्याच्या काठाशी आला तेव्हा मी भानावर आले. छगनला कप दिला आणि व्हरांड्यात यांच्यापाशी गेले. "तो विचारतोय, आतले डाग खरवडायचे का. रंग धरणार नाही म्हणतो." हे म्हणाले, "विजया, मधे ये." मी खुर्चीसमोर उभी राहिले, सवयीप्रमाणे बरोबर मधोमध. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हं, दिसलीस. गालाला पुट्टी लागलीय तुझ्या." मी पदरानं गाल पुसला. "खरवडू दे," ते म्हणाले. "सणाला घर स्वच्छ हवं." आत येऊन मी आरशात पाहिलं, गालावर काही नव्हतं. मला वाटलं पुसलं गेलं असेल. छगननं लोखंडी पट्टीनं भिंत खरवडली, तो खर्रखर्र आवाज व्हरांड्यापर्यंत जात होता, आणि तो थांबेपर्यंत यांनी खुर्चीच्या हातावर ठेवलेली बोटं हलवली नाहीत.

दिवाळी झाल्यावर आम्ही अश्विनीकडे गेलो. तिनं मशीन लावलंच नाही. यांच्या समोर बसली आणि म्हणाली, "सर, मी माझा हात कडेनं मधे आणत जाणार. दिसला की तुम्ही हात वर करा. घाई नाही." तिनं हात लांब धरला आणि हळूहळू आत आणायला लागली. कडेला काही नाही. निम्म्यावर काही नाही. तिच्या बांगडीचा बारीक आवाज झाला तसं यांचं बोट हललं, पण हात उठला नाही. शेवटी तिचा पंजा यांच्या तोंडासमोर आला, बरोबर मधोमध, जिथं मी रोज उभी राहायची. ती थांबली. यांनी हात वर केला. कोपर ताठ, बोटं जुळलेली, पहिल्या बाकावरची पोरं करतात तसा. डावा. अश्विनीच्या लगेच लक्षात आलं, कोपरगावच्या वर्गात तिनं ती उजव्या-डाव्या हातांची गोष्ट ऐकली होती. तिनं आपला हात खाली घेतला नाही आणि यांनीही घेतला नाही. मग ती म्हणाली, "कळलं सर," आणि वर केलेला तो हात तिनं दोन्ही हातांत धरून खाली आणला. मला ती पुट्टी आठवली. "हं, दिसलीस" आठवलं, सकाळचं, जेवतानाचं, रस्त्यातलं. त्यातलं खरं शेवटचं कुठलं, हे मी त्यांना त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी विचारलं नाही.

हे २०२५ च्या पावसाळ्यात गेले, आठवडाभर ताप येऊन. शेवटच्या संध्याकाळपर्यंत मी पायांना वाटी चोळली. डोळे देण्याचं त्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं. बुबुळं चांगली होती, ती उपयोगी पडतात म्हणून अश्विनी स्वतः घरी आली होती. काम पुरं केलं, मग व्हरांड्यात जाऊन यांच्या खुर्चीत बसली. ती आता प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी विचारते की डोकं खाली करून काय काय करता, आणि पुण्याहून लेन्स आली की पेशंटला बजावते, आज घरी जाऊन भांडा, लोणचं खा, ड्रॉप्स विसरत असाल तर विसरा. लोकांना ती गंमत वाटते. रंगनाथांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला नाही, शुगरनं थोडं बिघडलेलं होतं तेवढंच. योगवर्ग तेच चालवतात, सगळ्यांचे पाय जमिनीवर असतात, आणि गुलमोहराखाली सरांची सतरंजी ते अजून अंथरतात. धवल मला पुण्याला चल म्हणतो. बघू म्हणते. छगन अजून पाट्या रंगवतो, एकदा रस्त्यात भेटला तेव्हा भिंत कशी आहे म्हणून त्यानं विचारलं. मी चांगली आहे म्हटलं. खरं तर या पावसाळ्यात ओल आली आणि छगननं दिलेल्या फिक्या निळ्या रंगातून दोन लांबट गोल हळूहळू वर आले आहेत. कॅलेंडर मी पुन्हा लावलेलं नाही.

माझे डोळे चांगले आहेत. फक्त एक सवय जात नाही. कुणाशी बोलायचं असलं की मी चालत जाऊन त्याच्या बरोबर समोर, मधोमध उभी राहते, आणि थांबते. लोक बाजूला सरकतात. त्यांना वाटतं मला पुढं जायचं आहे.